मुलींच्या खेळाची पारख



कापसाची पारख कशी होते हे वर्धा जिल्ह्यातील माणसाला सांगावयास नको. बाजारात मुरलेला व्यापारी गाडीतून मूठभर कापूस काढतो, बोटांनी ओढून धाग्याची लांबी अजमावतो आणि भाव बोलतो. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या कापसाचे नाव इंग्लंडातील गिरण्यांपर्यंत पोहोचले होते, ते त्याच्या लांब धाग्यामुळे. ह्या पारखीच्या पाठीशी मात्र एक गोष्ट उभी असते आणि तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे गिऱ्हाईक. गिरणीला लांब धागा हवा असतो, म्हणून व्यापारी लांब धागा शोधतो. गिरणी बंद पडली तर तोच व्यापारी तोच कापूस हातातही घेणार नाही.

आज मला आपल्यापुढे जो विषय मांडावयाचा आहे तो खेळाडू मुलींच्या पारखीचा. बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी शाळेच्या मैदानावर पळताना दिसते. ही पुढे मोठी खेळाडू होईल, हे कोणी ओळखावयाचे? ओळखल्यानंतर तिला कोठे न्यावयाचे? आणि नेल्यानंतर तिला काय द्यावयाचे? सामान्य समज असा की पहिला प्रश्न महत्त्वाचा आणि पुढचे दोन ओघाने सुटणारे. गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. मुलीला पुढे काय मिळणार हे ज्या काळी ठरलेले होते, त्या काळी तिच्याकडे पाहणारे डोळेही उत्पन्न झाले. जेथे पुढे काहीच नव्हते तेथे उत्तम मुलीही कोणाच्या नजरेस पडल्या नाहीत. हेच माझ्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

विदर्भाला व्यायामाची परंपरा मोठी आहे. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी ह्या मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. मल्लखांब, लेझीम, कबड्डी ही नावे युरोपीय प्रेक्षकांच्या कानी पडली ती वऱ्हाडच्या तरुणांमुळे. पुढच्याच वर्षी, १९३७ च्या ऑक्टोबरात, आपल्या वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार महात्मा गांधींनी देशापुढे ठेवला. शरीराला शिक्षणात मानाचे स्थान असावे, ही गोष्ट ह्या परिसराने दोन वेगळ्या वाटांनी सांगितली. तथापि आखाड्याची वाट त्या काळी मुख्यतः मुलांची होती. मुलींनी फुगड्या घालाव्यात, झिम्मा खेळावा, पण नहाण आल्यावर मैदानाकडे फिरकू नये, हीच बहुतेक घरांची रीत होती.

अशा काळात ज्या मुली पुढे आल्या त्या कोठून आल्या? पहिले ठळक उदाहरण मुंबईचे आहे. वांद्र्याची मेरी डिसोझा ही मुलगी धावतही असे आणि हॉकीही खेळत असे. १९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई सामने झाले, त्यांत तिने २०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले आणि १०० मीटरच्या रिलेत रौप्यपदक मिळविणाऱ्या चौघींत ती होती. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला भारताने ज्या चार मुली पाठविल्या, त्यांत निलिमा घोष, आरती साहा आणि डॉली नाझीर ह्यांच्याबरोबर मेरी डिसोझाही होती. ह्या प्रवासासाठी वस्तीतील लोकांनी व स्नेह्यांनी मदतीचे कार्यक्रम करून पैसा जमविला. १९५४ साली मनिलाच्या आशियाई सामन्यांत रिलेचे सुवर्णपदक भारताकडे आले, तेव्हा तिच्या जोडीला पुण्याकडची स्टेफी डिसोझा होती. स्टेफीला १९६३ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. ह्या दोघींच्या नावांवरून एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. आपल्या प्रांतात मुलींचे खेळ प्रथम रुजले ते ख्रिस्ती, पारशी आणि अँग्लो-इंडियन वस्त्यांत. तेथे शाळेला मैदान होते, संध्याकाळी मुलीने आखूड कपड्यांत खेळणे लाजिरवाणे मानले जात नव्हते, आणि वस्तीचा क्लब रविवारी सामने भरवीत असे. मुलीला हेरणारा माणूस तिच्या गल्लीतलाच असे. पहिल्या पिढीची पारख ही अशी वस्तीची पारख होती. तिच्यात माया होती, पण तिचा पल्ला वस्तीच्या वेशीपर्यंतच. वांद्र्याची मुलगी दिसली. आर्वीची किंवा देवळीची तितकीच चपळ मुलगी कोणाला दिसली नाही, कारण तिच्या गावात तो क्लब नव्हता आणि तो रविवारही नव्हता.

ह्याच सुमारास देशी खेळांनी दुसरे दार उघडले. कबड्डी व खो-खो ह्यांना संघटना मिळाल्या, नियम एकसारखे झाले आणि १९५० नंतरच्या काळात मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. ह्या खेळांना ना महागडी काठी लागे, ना बूट. १९७१ सालचा अर्जुन पुरस्कार खो-खोतील अचला देवरे ह्यांना मिळाला, तेव्हा मराठी मध्यमवर्गाच्या घरांतून एक नवी गोष्ट बोलली जाऊ लागली: खेळामुळे मुलीचे नाव होऊ शकते. परंतु नाव झाले म्हणजे पोट भरते असे नाही. पुरस्कारानंतर काय, ह्या प्रश्नाला घरातील वडीलधाऱ्यांपाशी एकच उत्तर असे, आणि ते लग्नाचे.

ह्या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले ते रेल्वेने. रेल्वेच्या क्रीडा मंडळाची स्थापना १९२८ सालची. आरंभी ते पुरुष खेळाडूंसाठी होते. पुढे स्त्री खेळाडूंनाही खेळाच्या गुणवत्तेवर नोकऱ्या मिळू लागल्या आणि त्यानंतर मुलींच्या हॉकीचा नकाशाच पालटला. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे अजिंक्य राहू लागला. कारण उघड होते. एखाद्या प्रांताच्या संघातून चमकलेली मुलगी दोन वर्षांत रेल्वेत नोकरीला लागे आणि पुढल्या वर्षी आपल्याच प्रांताविरुद्ध खेळे. क्रिकेटमध्येही हेच घडले. मुंबईच्या डायना एडलजी स्वतः रेल्वेत होत्या आणि महिला क्रिकेटपटूंना रेल्वेने नोकऱ्या द्याव्यात ह्यासाठी त्यांनी जो आग्रह धरला तो सर्वश्रुत आहे.

ह्या व्यवस्थेने काय साधले हे पाहावयाचे असेल तर १९८० व १९८२ ही दोन वर्षे पाहावीत. १९८० साली मॉस्कोस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची हॉकी प्रथमच आली. रूपा सैनीच्या नेतृत्वाखालील भारतीय संघात पुण्यात जन्मलेली एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफण ह्या होत्या. संघ चौथा आला. सुवर्णपदक मिळाले झिंबाब्वेला, आणि त्या संघाची हकीगत आपल्या विषयाला धरून आहे. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून त्या देशाला अवघे काही आठवडे आधी बोलावणे गेले आणि घाईघाईने निवडलेल्या मुली सोने घेऊन परतल्या. निवडीचे शास्त्र कितीही वाढले तरी दैव त्यात आपला हात राखून असते, हे त्यावरून समजावे. दोनच वर्षांनी दिल्लीच्या आशियाई सामन्यांत एलिझा नेल्सन कर्णधार होती आणि भारताने स्त्रियांच्या हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. १९८३ साली तिला पद्मश्री मिळाली.

रेल्वेचे ऋण मान्य करूनही तिच्या पारखीची मर्यादा सांगितली पाहिजे. नोकरी देणारा तयार खेळाडू पाहतो. अठरा-वीस वर्षांची, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली मुलगी त्याला हवी असते. तेरा वर्षांची असताना तिला कोणी धरून ठेवावे, तिच्या दुधाचा आणि बुटांचा खर्च कोणी करावा, दहावीच्या वर्षी घरच्यांची समजूत कोणी घालावी, हे रेल्वेच्या हिशेबात बसत नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे लोहमार्ग आपल्या वर्ध्याजवळ एकत्र येतात. रोज शेकडो डबे येथून जातात. तरीही रेल्वेच्या संघात जाण्याची वाट येथील मुलीला सापडत नाही, कारण ती वाट स्थानकावर सुरू होत नाही. ती शाळेच्या मैदानावर सुरू होते.

येथे क्षणभर दूरच्या एका देशाकडे पाहू. अमेरिकेत हे काम कॉलेजने केले. १९७२ साली तेथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करता कामा नये, एवढाच त्याचा आशय. खेळ हा शब्दसुद्धा मूळ कलमात नाही. पण कॉलेजातील मुलांना खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळतात, तर मुलींना का नाहीत, हा प्रश्न त्या कलमातूनच उभा राहिला आणि कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. त्याचे एक फळ म्हणजे बर्फावरची हॉकी. काचेसारख्या गोठलेल्या रिंगणावर, पायांत पोलादी पाती बांधून, चेंडूऐवजी रबराची चकती फटकावण्याचा हा खेळ. तो पुरुषांचाच मानला जाई. मिनेसोटा राज्याने १९९४ साली शाळकरी मुलींच्या स्पर्धांना मान्यता दिली, १९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा हा खेळ आला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या मुलींनी नेले. २००१ साली तेथील कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलींची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरविली; ती मिनेसोटातील डुलुथच्या संघाने जिंकली.

कॉलेजची शिष्यवृत्ती हे गिऱ्हाईक उभे राहताच पारखणारेही उभे राहिले. पंधरा-सोळा वर्षांची कोणती मुलगी कोणत्या कॉलेजला जाणार, कोणाच्या संघात पुढल्या वर्षी कोण येणार, ह्याकडे तेथील प्रशिक्षक आणि रसिक डोळे लावून बसतात. आपल्याकडे दहावीच्या निकालाची चर्चा व्हावी तशी ती चर्चा चालते. ह्यातून अनिष्टही निपजले. कॉलेजांची चढाओढ इतकी वाढली की तेरा-चौदा वर्षांच्या मुलींकडून तोंडी शब्द घेतले जाऊ लागले. जिला अजून आपली उंची किती वाढणार हे ठाऊक नाही, तिने आपले कॉलेज ठरवून टाकावयाचे! शेवटी २०१९ च्या सुमारास नियम कडक करून प्रशिक्षकांना इतक्या लहान वयाच्या मुलींशी बोलणी करण्यास बंदी घालावी लागली. लक्षात घ्यावे की तेथील काही जुनी नामांकित विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, तरीही मुली तेथे जातात. कारण चार वर्षांनी खेळ संपला तरी हाती पदवी उरते. पाय मोडला तरी पुस्तक मोडत नाही, हा त्या व्यवस्थेचा खरा आधार आहे.

आपल्याकडे बर्फावरची हॉकी नाही असे मात्र समजू नये. लडाखात थंडीत गोठलेल्या तळ्यांवर मुली ती खेळतात. भारताचा महिला संघ २०१६ साली प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, पुढल्या वर्षी बँकॉकला त्याने पहिले विजय मिळविले आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. लडाखला ना विद्यापीठाचा पैसा होता, ना रेल्वेची नोकरी. थंडी होती आणि जिद्द होती. पण एका लडाखच्या दाखल्यावर सगळ्या मुलुखाचा हिशेब मांडता येत नाही.

महाराष्ट्राने ह्या प्रश्नाला जे उत्तर शोधले ते वसतिगृहाचे. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी पुण्याजवळ बालेवाडीस शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली आणि त्यानंतर राज्य सरकारने क्रीडा प्रबोधिनी काढल्या. आठ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींची उंची, वजन, तीस मीटरची धाव, उभ्याने मारलेली लांब उडी, जड चेंडूची फेक, आठशे मीटरची दौड अशा चाचण्या घेऊन त्यांना निवडावयाचे आणि राहणे, जेवण, शाळा व सराव एका ठिकाणी द्यावयाचा, अशी ही योजना आहे. तिचे फळ आपण पाहिले आहे. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील खेडेगावांतून आलेल्या अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ ह्या मुली पुण्याच्या प्रबोधिनीत वाढल्या. २०२३ च्या जूनमध्ये जपानात आशियाई कुमारी अजिंक्यपद जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात वैष्णवी व ऋतुजा होत्या आणि त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघात वैष्णवी होती. फलटणकडे ना समुद्राकाठचे क्लब होते, ना मोठ्या शहराची मैदाने. शाळेतल्या मुलींना काठी हातात देणारी माणसे होती आणि त्या मुलींना पुढे नेणारे एक दार पुण्यात उघडे होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून एका तालुक्यातून एवढ्या मुली निघाल्या.

चाचण्यांच्या ह्या पद्धतीलाही एक डोळस इशारा दिला पाहिजे. कॅनडातील रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली बर्फावरच्या हॉकीतील मुलांच्या जन्मतारखा तपासल्या. निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार आणि शेवटल्या महिन्यांत जन्मलेले थोडे, असे त्यांना आढळले. वयाची मोजणी १ जानेवारीपासून होत असल्यामुळे जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा आणि अंगाने थोराड असे. प्रशिक्षकाला वाटे की हा गुणवान आहे, वस्तुतः तो केवळ वडील होता. आपल्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहून टाकली, हे आपणांस ठाऊकच आहे. वयाच्या बाबतीत आपला समाज इतका उदार असल्यामुळे आपल्याकडे हा घोळ अधिकच वाढतो. म्हणून चौदा वर्षांखालील स्पर्धेत मागे पडलेली बारीक चणीची मुलगी सतराव्या वर्षी पुन्हा एकदा पाहिली पाहिजे. एका दिवसाच्या चाचणीने तिच्या नावावर फुली मारणे हा अन्याय आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. दरवर्षी चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा होतात. चौदाच्या गटात मैदान मुलींनी गजबजलेले असते. सतराच्या गटात ती गर्दी ओसरते आणि एकोणीसच्या गटात पुष्कळदा संघ जमविण्यासाठी पी.टी.च्या सरांना वर्गावर्गांतून फिरावे लागते. मधल्या वर्षांत त्या मुली जातात कोठे? कोणाची दहावी असते, कोणाची शिकवणी लागते, कोणाच्या घरी स्थळे येऊ लागतात. खेड्यातील मुलीला शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो ही फार मोठी सोय आहे. पण सराव असतो शाळा सुटल्यावर, आणि सराव संपेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मुलीची चपळाई कमी झालेली नसते. तिचा मैदानाशी जोडलेला धागा तुटलेला असतो.

आणि एकोणीसव्या वर्षी जी टिकते तिचे पुढे काय? आपल्या गावात १९४० सालापासून कॉलेज आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. दहावी-बारावीला खेळाडूंसाठी सवलतीचे गुण आहेत आणि २००५ पासून राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. म्हणजे शाळेत स्पर्धा आहे आणि शेवटी नोकरीही आहे. उणीव आहे ती मधल्या पाच-सहा वर्षांची. रेल्वेने आणि सरकारने टोकाला नोकरी ठेवली, प्रबोधिनीने आरंभाला वसतिगृह ठेवले. पण प्रबोधिनीत जागा मोजक्याच. ज्या शेकडो मुली तेथे जात नाहीत त्यांचे घर, त्यांची शाळा आणि त्यांचे कॉलेज आपल्याच गावात असते. अमेरिकेने जी जबाबदारी कॉलेजावर टाकली ती आपण कोणावरच टाकलेली नाही, आणि जे काम कोणाचेच नसते ते होत नाही.

ह्यावर मोठमोठ्या योजना मी सुचविणार नाही. सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते आणि ऐकणेही सोपे असते. मी दोनच गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली ही की प्रत्येक तालुक्यात चौदा वर्षांखालील स्पर्धेत चमकलेल्या मुलींची एक वही असावी आणि सतराव्या वर्षी त्या वहीतील प्रत्येक नावापुढे, ती मुलगी आज कोठे आहे, हे कोणीतरी लिहावे. कापसाच्या गाठीची नोंद आपण ठेवतो, कोणती गाठ कोठल्या गिरणीत गेली हे आपणांस सांगता येते. मुलीची नोंद ठेवणे त्याहून अवघड नाही. दुसरी ही की आपल्या कॉलेजांनी दरवर्षी निदान काही जागा अशा मुलींसाठी धराव्यात, ज्यांची फी, वसतिगृह आणि सायंकाळचे जेवण गावातील देणगीदारांनी उचलावे. आपल्या ह्या गावात शिक्षणासाठी दान देण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या परंपरेत मुलींच्या मैदानालाही एक खाते उघडले तर ते विजोड दिसणार नाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या मुलींनी ती जिंकली. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या रात्री घराघरांतून कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण जिंकलेल्या मुलीचे कौतुक करणे ही पारख नव्हे. तेव्हा तर ती साऱ्या जगाला दिसते. ती दहा वर्षांची असताना, धुळीने माखलेल्या पायांनी खांबाला वळसा घालीत असताना, जो थांबून पाहतो आणि तिच्या वडिलांना जाऊन भेटतो, तोच खरा पारखी. असा माणूस प्रत्येक गावात एखादा तरी असतो. त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे की नाही, एवढाच निर्णय आपणां गावकऱ्यांच्या हाती आहे.